रेनयिंग: मानेतल्या नाडीवरचा बिंदू

कंठमण्याच्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या उतरणाऱ्या जाड स्नायूच्या पुढच्या कडेवर बोट हलकेच टेकवलं की नाडी लागते. चिनी वैद्यकात या जागेला रेनयिंग म्हणतात. जठराच्या वाहिनीवरचा, म्हणजे 'ची' ही जीवनशक्ती ज्यातून वाहते असं मानतात त्या मार्गावरचा, हा नववा बिंदू. कंठमण्यापासून दीड 'त्सुन' बाजूला तो शोधायचा. एक त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची पेरापाशी असलेली रुंदी, त्यामुळे हे माप माणसागणिक बदलतं.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'लिंगशू' ग्रंथात वैद्य मनगटाची आणि मानेची नाडी ताडून पाहत. मानेची नाडी किती पट जोरकस लागते, यावरून कोणत्या वाहिनीत बिघाड आहे ते ठरे. तिसऱ्या शतकात चिनी वैद्य ह्वांगफू मी यांनी अॅक्युपंक्चरचा ग्रंथ सिद्ध केला. या बिंदूबद्दल त्यात कडक ताकीद आहे: सुई चार 'फेन', म्हणजे त्सुनचे चार दशांश, एवढीच घालावी, जास्त खोल गेली तर माणूस दगावतो. इथे शेक द्यायलाही मनाई. अनुभवानं आलेली ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

कारण या त्वचेखाली खरोखरच नाजूक यंत्रणा आहे. मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी साधारण याच पातळीवर दुभंगते. फाट्यापाशी ती किंचित फुगीर असते आणि त्या भिंतीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते, नवव्या मस्तिष्क चेतेतून मेंदूच्या बुडाशी संदेश जातो, तिथून व्हेगस चेतेमार्फत हृदयाला मंद होण्याचा हुकूम येतो आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. दाब घसरला की याच्या उलट होतं. हे सगळं काही क्षणांत घडतं. आपण झटकन उठून उभे राहतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, त्याचं बरंचसं श्रेय या यंत्रणेला. १९२०च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेरिंग यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया उलगडली. याच जागेचा श्वसनाशी असलेला संबंध दाखवणाऱ्या बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं.

मग रेनयिंगला सुई टोचून रक्तदाब उतरतो का? जागा बरोबर सापडली म्हणून 'ची' आणि वाहिन्यांचा सिद्धांत आपोआप खरा ठरत नाही. धमनीच्या भिंतीवर दाब पडला तर परिणाम दिसणारच, त्याला वाहिनी लागत नाही. उच्च रक्तदाबावरच्या अॅक्युपंक्चरच्या चाचण्यांचा कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, २०१८ साली आढावा घेतला, तेव्हा टिकाऊ परिणामाचा पुरावा मिळाला नाही. रोजच्या गोळ्या बंद करण्याइतका आधार यात नाही, हे मी स्पष्टच म्हणेन.

घरी ही जागा दाबून पाहण्याचा मोह तर अजिबात नको. काहींची ही यंत्रणा अतिसंवेदनशील असते. घट्ट कॉलर किंवा मान वळवणं एवढ्यानंही त्यांना भोवळ येते. धमनीत चरबीचा थर साचला असेल, तर चोळल्यानं त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकू शकतो आणि पक्षाघात होतो. हृदयाचे ठोके अचानक बेफाम वाढले तर डॉक्टर इथेच मालीश करतात. पण आधी स्टेथोस्कोप मानेवर ठेवून रक्ताची घरघर येत नाही ना ते तपासतात, ईसीजी लावतात, आणि एका वेळी एकाच बाजूला, पाच ते दहा सेकंद.