शिंपल्याला ॲसिड लावू नका

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडची मंडळी कोकणात जाऊन आली की पिशवीभर शंख-शिंपले घरी येतात. काही दिवसांत त्यांना वास सुटतो आणि कुणीतरी सुचवतं, ‘टॉयलेट क्लिनरमध्ये टाक, पांढरेशुभ्र होतील.’ होतातही. मात्र त्या पांढरेपणापायी वरची नक्षी कायमची गेलेली असते.

शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. घरातली शहाबादी फरशीही त्याच द्रव्याची. लिंबू सांडलं की तिची चकाकी जाते, तेच इथे होतं. आम्ल लागताच कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर पडतो आणि वरचा थर झिजतो. व्हिनेगरही हेच करतं, फक्त सावकाश. शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक प्रथिनांनी एकमेकांना धरलेले असतात. वजनात प्रथिनं अगदी थोडी, पण शिंपल्याची मजबुती बरीचशी त्यांच्यामुळेच.

वास येतो तो आत राहिलेल्या मांसाचा. शंख पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग हळूहळू वितळू द्या. आतला गोळा सुटा होतो आणि वाकवलेल्या तारेने ओढून काढता येतो. उकळू नका, एकदम गरम-थंड झालं की चकचकीत शंखांना बारीक तडे जातात. तरीही वास राहिला तर भरपूर पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये थोडा वेळ ठेवा. ब्लीच मांसाचे अवशेष मोडतं, पण जास्त वेळ राहिलं तर शिंपल्यातल्या प्रथिनांवरही उठतं. ब्लीच आणि टॉयलेट क्लिनर मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कवड्यांना तर ब्लीचही नको. साधं पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढंच त्यांना पुरतं.

यानंतर दोन-तीन दिवस साध्या पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, म्हणजे आत मुरलेलं मीठ निघेल. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात धुतलेला शिंपला वाळला की अंगावर क्षारांची पांढुरकी साय धरते, म्हणून शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात करा. वाळवायचं सावलीत. वैशाखातलं भुसावळचं ऊन रंग उडवायला पुरेसं आहे.

समुद्र लांब म्हणून खानदेशात शिंपले नाहीत असं नाही. तापी-गिरणेच्या पात्रात मिळणारा शिंपला बाहेरून तपकिरी-हिरवट, आतून मोत्यासारखा झळकणारा असतो. ती बाहेरची कातडी प्रथिनांची असते. पाण्यात असेपर्यंत ती घट्ट चिकटून राहते, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, तडकते आणि तिचे पोपडे कडेकडेने वळून सुटू लागतात. कधीकधी तिच्या ओढीने शिंपलाही चिरतो. म्हणून नदीचा शिंपला हळूहळू वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. माझ्या मते समुद्राच्या शंखापेक्षा याचीच निगा जास्त कसोशीने घ्यावी लागते.

स्वच्छ केलेल्या शिंपल्यांचा खरा घात कपाटात होतो. १८९९ मध्ये बाइन या इंग्रज अभ्यासकाने संग्रहातल्या शिंपल्यांवर चढणाऱ्या पांढऱ्या भुकटीचं वर्णन केलं. त्याला तो जंतूंचा प्रताप वाटला. पुढे कळलं की लाकूड आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाच्या वाफा दमट हवेत शिंपल्यावर बसतात आणि त्यांचे क्षार तयार होतात. नवीन प्लायवूडचं बंद कपाट आणि पावसाळा ही जोडी त्यासाठी फार वाईट. काचेची बरणी किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची डबी घ्या, आत कापूस घालू नका. भुकटी दिसलीच तर तो शिंपला लगेच वेगळा काढा, साध्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि जुनी डबी फेकून द्या.

प्रत्येक डबीत एक चिठ्ठीही टाका: कुठे सापडला, कोणत्या तारखेला. पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. ठिकाण नोंदवलेलं नसेल तर अभ्यासकाला त्या शिंपल्याचा फारसा उपयोग होत नाही.