पेशीविभाजनाच्या चार अवस्था आल्या कुठून?

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. शाळेच्या पुस्तकात सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची, ही चार चित्रं शेजारी शेजारी छापलेली असतात आणि परीक्षेसाठी ती क्रमानं पाठ केली जातात. प्रत्यक्षात पेशीची ही हालचाल सलग असते. तिचे तुकडे पाडले ते माणसानं, आणि तेही बहुतांशी मारून रंगवलेल्या पेशी बघून. हे तुकडे कसे पडले आणि त्यात काय नजरेतून सुटलं, हे माहीत असलं की हा धडा घोकावा लागत नाही.

नवी पेशी येते कुठून, यावरच आधी मोठा घोळ होता. 1838-39 मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सजीव पेशींचे बनलेले असतात हे ठामपणे मांडलं, पण नवी पेशी द्रवात स्फटिक जमावा तशी तयार होते असं त्यांचं मत होतं. हे मत खोडून काढण्यात मोठा वाटा रॉबर्ट रेमाक यांचा. कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी दोन होताना त्यांनी पाहिल्या आणि 1852 मध्ये स्पष्ट लिहिलं की पेशी पेशीच्या विभाजनातूनच येते. 1855 मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी तेच सूत्र लॅटिनमध्ये मांडलं आणि श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. रेमाक ज्यू होते, त्यांनी धर्म बदलायला नकार दिला, आणि त्या काळच्या प्रशियात पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळालं नाही. विज्ञानाच्या इतिहासातला हा अन्याय मला फार खुपतो.

पेशी दुभंगते हे कळलं, तरी आत काय घडतं ते दिसत नव्हतं, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असते. वाट मोकळी केली रंगाच्या धंद्यानं. 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं औषध क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. त्यानंतर कापडासाठी कृत्रिम रंगांची रीघ लागली आणि तेच रंग सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर पोहोचले.

जर्मनीतल्या कील इथं वाल्थर फ्लेमिंग यांनी ते वापरले सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या पिल्लांवर. निवड अचूक होती. या प्राण्याच्या पेशी मोठ्या, गुणसूत्रं (केंद्रकातले आनुवंशिक माल वाहणारे धागे) जाड, आणि पिल्लाचे कल्ले व शेपटीची कड इतकी पातळ की जिवंतपणीही आरपार बघता येतं. रंग दिल्यावर केंद्रकातला गुंता गडद झाला. त्यातून धागे वेगळे होतात, आखूड आणि जाड होतात, मधोमध येतात, मग दोन गट होऊन विरुद्ध टोकांकडे जातात. मेलेल्या पेशींच्या चित्रांचा क्रम बरोबर लागला आहे ना, हे त्यांनी जिवंत पेशीकडे बघत बसून ताडून पाहिलं. प्रत्येक धागा उभा चिरला जातो, ही यातली सगळ्यात मोलाची नोंद. आडवा तुटला असता तर दोन्ही पेशींना वेगवेगळा माल मिळाला असता. उभा चिरल्यामुळे दोघींना सारखाच मिळतो. 1882 च्या ग्रंथात हे सगळं आलं. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा निबंध 1866 मध्येच छापून आला होता, पण दोन्ही गोष्टी जोडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

अवस्थांची नावं यानंतरची. पहिली तीन 1884 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी दिली, चौथी 1894 मध्ये मार्टिन हायडेनहाइन यांनी. सीमारेषा ठरल्या त्या डोळ्यांना जे दिसलं त्यावर: धागे दिसू लागले, मधल्या रेषेवर आले, दूर गेले, पुन्हा विरघळले.

आणि जे दिसलं नाही त्याला म्हटलं गेलं ‘विश्रांती’. दोन विभाजनांमधल्या काळात पेशी स्वस्थ बसते, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. 1950 नंतर लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीच्या एका रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि गुणसूत्रांतल्या डीएनएची नवी प्रत केव्हा बनते ते तपासलं. ती बनत होती नेमकी त्या ‘विश्रांती’त! माणसाची पेशी प्रयोगशाळेत साधारण 24 तासांत एक चक्र पुरं करते आणि त्यातलं सूत्री विभाजन जेमतेम तासाभराचं. बाकीचे तेवीस तास पेशी वाढते, डीएनएची प्रत काढते, चुका दुरुस्त करते. पुस्तकातली चारही चित्रं त्या एका तासाची आहेत.

गुणसूत्रं मोजणंही असंच अडलेलं होतं. माणसात 48 गुणसूत्रं असतात हे 1923 पासून तीस वर्षांहून अधिक काळ मानलं गेलं. स्वीडनमध्ये त्जिओ आणि लेव्हान यांनी कोल्चिसिन देऊन पेशी मध्यावस्थेतच अडकवल्या, सौम्य क्षाराच्या पाण्यात फुगवून गुणसूत्रं सुटी केली, आणि 1956 मध्ये जाहीर केलं: 46. कोल्चिसिन हे विष पावसाळ्यात आपल्याकडे फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं. गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू ज्या प्रथिनापासून बनतात त्यालाच ते जाऊन चिकटतं, आणि दोरच नसल्यामुळे गुणसूत्रं जागीच राहतात.

सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन याच प्रथिनावर घाव घालतं, म्हणून ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात: भराभर विभागणाऱ्या पेशी मध्यावस्थेत अडकतात आणि मरतात. पण चेतापेशींच्या लांब तंतूंमध्येही तेच प्रथिन असतं. त्या पेशी विभागत नाहीत, तरी औषध त्यांना बाधतं, आणि उपचार चालू असलेल्या मुलांच्या हातापायांना मुंग्या येतात.