उंच गाडी म्हणजे चिखलातून निघणारी गाडी?

‘एसयूव्ही घ्या, उंच असते, कच्च्या रस्त्यावर अडकत नाही,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, कारण उंचीमुळे दगडगोट्यांवर गाडीचं पोट खरंच वाचतं. पण बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी तांबड्या चिखलात प्रश्न पोटाचा नसतो, चाकांच्या पकडीचा असतो.

एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. मागे चार माणसं आणि सामान भरून चढ चढताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. त्यात साध्या डिफरन्शियलमुळे (इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा भाग) एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही पुरेसा जोर मिळत नाही.

तपासणं अवघड नाही. शोरूममध्ये खाली वाकून पाहा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा आणि त्याला येणारा लांब शाफ्ट (फिरणारा दांडा) नसेल, तर मागची चाकं नुसती ओढली जातात. (इलेक्ट्रिक गाड्यांचा हिशेब वेगळा.) गोळा असला तरी थांबू नका, पुढच्या चाकांनाही शाफ्ट जातो का पाहा. दोन्हीकडे असेल तरच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच याचा, आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, तेही विचारा.

फोर बाय फोरनं ब्रेक मात्र लवकर लागत नाहीत. ते सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. वर्षातून एकदोनदाच कच्च्या वाटेला जाणाऱ्या कुटुंबानं, माझ्या मते, आधी चांगल्या टायरवर खर्च करावा.