जॉपलिनची मराठी मदतपाने : फेरमांडणीची पार्श्वभूमी

जॉपलिन या मुक्त स्रोत टिपण-ॲपच्या मदतपानांचा मराठी मसुदा सध्या नव्याने लावला जातो आहे. पानांचा क्रम बदलतोय, जुनी लांबलचक पाने फुटताहेत, आणि ‘सिंक’ला, म्हणजे फोन आणि संगणकावरची टिपणे सारखी ठेवण्याला, मराठीत काय म्हणायचे यावर अजून एकमत नाही. मसुदा मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातले वापरणारे डोळ्यांपुढे ठेवून होतो आहे, म्हणून वादही तिथल्याच गरजांवरून रंगला.

मुक्त स्रोतातली टिपणसाधने जुनी. ऑर्ग-मोड हे साधन 2003 चे, मार्कडाउन ही साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा करण्याची पद्धत 2004 ची. त्यांची मदत प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेली असे आणि तेव्हा ते कुणाला खटकतही नव्हते. सामान्य माणूस इकडे वळला तो एव्हरनोट या लोकप्रिय टिपण-ॲपच्या निर्बंधांमुळे. 2016 मध्ये मोफत खाते दोन उपकरणांपुरते उरले, आणि डिसेंबर 2023 मध्ये 50 टिपणे व एक वही एवढ्यावर आले. मधल्या काळात, 2017 मध्ये, जॉपलिन आले. त्याची सुरुवातीची मदत म्हणजे ‘रीडमी’ नावाची एकच लांब फाइल. बसवणे, एव्हरनोटमधून आयात, सिंक, कूटबद्धीकरण (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असे करणे), शोध, सगळे एकाखाली एक. इंग्रजीत पुढे तिची वेगवेगळी पाने झाली. मराठी मसुदा मात्र त्या जुन्या फाइलचीच ओळ धरून बसला होता.

ती ओळ ॲपच्या भागांची आहे, वापरणाऱ्याच्या कामाची नाही. हापूसच्या बागायतदाराला फवारणीची तारीख, औषध, प्रमाण आणि त्यानंतर किती दिवसांनी तोड केली हे लिहून ठेवायचे असते. बागेत रेंज नसते. त्याला आधी हवे ते एवढेच, की टिपण कसे उघडायचे, औषधाच्या डब्याचा फोटो कसा जोडायचा आणि घरच्या संगणकावर ते कसे दिसेल. मिळत होते ते असे की तिसऱ्याच परिच्छेदात वेबडॅव्हचा, म्हणजे फाइली ठेवायच्या सर्व्हरचा, पत्ता भरा! नव्या मांडणीत शिकवणी, कृती, संदर्भ आणि खुलासा असे चार ढीग वेगळे केले आहेत. तांत्रिक लेखनात ही विभागणी आता रुळली आहे. ‘सिंक’चे पान त्यामुळे तीन ठिकाणी वाटले गेले, आणि तिथेच शब्दाचा घोळ उघडा पडला.

त्या घोळाचे मूळ बरेचसे 3 जून 2020 मध्ये आहे. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, दापोली-मंडणगडापर्यंत घरांची छपरे गेली, वीज कित्येक दिवस नव्हती. पुढल्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. वह्या भिजल्या, फोन बिघडले. त्यानंतर टिपणांच्या ॲपबद्दलचा पहिला प्रश्न ‘फोन गेला तर?’ हाच झाला, आणि उत्तरादाखल मसुद्यात ‘सिंक’साठी ‘जतन’ हा शब्द बसला. कानाला गोड, पण चुकीचा. सिंक म्हणजे दोन्हीकडची प्रत सारखी ठेवणे. फोनवर टिपण पुसले की पुढच्या सिंकला ते संगणकावरूनही जाते. 2024 च्या 3.0 आवृत्तीपासून ते आधी कचरापेटीत पडते, एवढाच दिलासा. कुणी जागा मोकळी करायला सर्व्हरवरच्या फोल्डरमधल्या फाइली हातानेच उडवल्या, तर ॲप ते तुम्हीच पुसले असे समजते. पूर्ण रिकामे फोल्डर दिसले तर स्थानिक टिपणे पुसू नयेत यासाठी सेटिंग आहे, पण अर्धवट उडवलेल्या फोल्डरला ते उपयोगी पडत नाही. ‘जतन झाले’ असे वाचलेला माणूस नेमका इथेच फसतो.

पर्याय म्हणून ‘मेळ’ पुढे आला. कीर्द आणि खतावणीचा मेळ घालतात तसा. शब्द घरचा आहे आणि दोन बाजू असल्याचे सुचवतो. आक्षेप असा की पडद्यावर दिसणारा शब्द वेगळा आणि पानातला वेगळा असला की माणूस बटण शोधत राहतो. तडजोड अशी निघाली आहे की कृतीच्या पानात ‘सिंक’च ठेवायचा, खुलाशाच्या पानात ‘मेळ’ सांगायचा, आणि ‘जतन’ फक्त जेईएक्स फाइल, म्हणजे टिपणांची वेगळी ठेवायची प्रत, काढण्यासाठी राखायचा. हे योग्यच झाले. आधीच व्हायला हवे होते. मात्र जेईएक्स फाइल कूटबद्ध नसते. ती पेनड्राइव्हवर टाकून कुणाच्याही हाती देऊ नये, हे त्याच पानावर यायला हवे.

‘टीप’चा वाद त्या मानाने लहान. सूचनेच्या चौकटीवरही ‘टीप’ लिहिलेले, त्यामुळे ‘टीप : टीप पुसल्यास’ अशी वाक्ये तयार झाली होती. ‘नोंद’ म्हटले की इथे लोकांना तलाठ्याकडची फेरफार नोंद आठवते. शेवटी ‘टिपण’ राहिले.

कूटबद्धीकरणाची कृती आता क्रमवार आहे. आधी एकाच उपकरणावर ते चालू करायचे आणि सिंक पूर्ण होईपर्यंत थांबायचे. मग दुसरे उपकरण सिंक करून तिथे तोच मुख्य पासवर्ड द्यायचा. दोन्हीकडे एकदम चालू केले तर दोन किल्ल्या तयार होतात. पासवर्ड हरवला आणि उघडी प्रत कुठेच नसली, तर टिपणे कुणालाही परत काढता येत नाहीत. फोनवर ॲप समोर उघडे ठेवूनच सिंक करावे, म्हणून रेंजच्या जागी आल्यावर ते उघडून शेवटपर्यंत थांबावे. डेटा वाचवायचा असेल तर जोडलेल्या फाइली ‘हाताने’ उतरवण्याचा पर्याय निवडावा.

शोधाच्या पानाला नवी भर पडली ती ‘खाऱ्या’ जमिनीमुळे. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिले जाते. एकात युनिकोडमधल्या (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीतल्या) संकेतांक 0931 चा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दुसरी तऱ्हा 1996 च्या युनिकोड 2.0 पासूनची आणि काही कळफलक अजून तीच देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संकेत जुळवून शोधणाऱ्या साधनाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सामान्यीकरणानेही, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकरूप करण्याच्या युनिकोडच्या नियमानेही, ते एक होत नाहीत, कारण 0931 फुटतो तो र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांत. मसुद्यात पहिली तऱ्हा पक्की केली आहे. जुन्या टिपणांत मात्र दोन्ही रूपे टाकून शोधावे लागेल.