गोळी मूत्राशयासाठी, कोरड तोंडाला

लघवीची घाई आवरत नाही म्हणून सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन किंवा ऑक्सिब्युटिनिन यांपैकी एखादी गोळी सुरू होते. घाई कमी होते, पण जीभ टाळूला चिकटू लागते. मग माणूस सारखा पाणी पितो आणि पुन्हा लघवीला पळतो. ‘गोळी लागू पडत नाही,’ अशी तक्रार येते. खरं तर ती लागू पडलेली असते, फक्त नको तिथेही.

मूत्राशयाचा स्नायू आकसतो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रासायनिक दूताच्या निरोपावर. हा निरोप घेणाऱ्या ग्राहींना मस्कॅरिनिक म्हणतात. हे नाव अळंबीतल्या मस्करीन या विषावरून पडलं. ते १८६९ साली वेगळं केलं गेलं. या ग्राहींचे पाच प्रकार. मूत्राशय आकसवण्याचं काम मुख्यतः तिसऱ्याकडे, पण लाळ, घाम, आतड्यांची हालचाल आणि जवळचं नीट दिसणं हीही कामं बरीचशी त्याच्याच भरवशावर चालतात. गोळी हे ग्राही अडवते, म्हणून तोंड कोरडं, पोट साफ नाही, अक्षरं पुसट. घाम कमी झाल्याने कडक उन्हात अंग तापू शकतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अरुंद कोनाचा काचबिंदू उपचाराविना असेल किंवा लघवी तुंबत असेल, तर या गोळ्या घ्यायच्या नाहीत. प्रोस्टेट वाढलेल्यांनी आधी डॉक्टरांना तसं सांगावं. गोळी घेताना लघवी अडली किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

मला जास्त काळजी वाटते ती मेंदूची. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरतं. याच कामाच्या ट्रॉस्पियम या गोळीचा रेणू विद्युतभारित, त्याला ती वाट अवघड जाते. आजोबा गोंधळल्यासारखे वागू लागले की घरचे वयाला दोष देतात, पण त्याच सुमारास कोणती गोळी सुरू झाली ते आठवून पाहावं. सोबत अ‍ॅलर्जीवरचं डायफेनहायड्रामिन किंवा नैराश्यावरचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन असेल तर तीही हाच निरोप अडवतात आणि भार साठत जातो. ६५ वर्षांपुढच्या लोकांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा औषधांचा दीर्घ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही.

ऑक्सिब्युटिनिनची कातडीवर लावायची पट्टीही असते. तिने तोंड कमी कोरडं पडतं, कारण ही कोरड बरीचशी यकृतात तयार होणाऱ्या त्याच्या उपपदार्थामुळे येते आणि पट्टीतलं औषध आधी यकृतातून जात नाही. सॉलिफेनासिनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला ४५ ते ६८ तास लागतात, त्यामुळे गोळी थांबवली तरी कोरड काही दिवस रेंगाळते.