कर्करोगातील थकवा आणि पोषणपूरके

कर्करोगात किंवा त्यावरील उपचारांत येणारा थकवा झोप काढूनही जात नाही. तो कमी व्हावा म्हणून प्रथिनांच्या पावडरी, लोह-जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वनस्पतींचे अर्क घेतले जातात, हीच पोषणपूरके. शरीरात ज्याची उणीव आहे तेच भरून दिले तर त्यांचा उपयोग होतो. म्हणून आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासतात. वेदना, अपुरी झोप, नैराश्य यांनीही असाच थकवा येतो. त्यावर पावडर चालत नाही.

सांगली-साताऱ्यात केमो सुरू झाली की पाहुणे ‘रक्त वाढेल’ म्हणून तासगावचा बेदाणा घेऊन येतात. ३० ग्रॅम बेदाण्यात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. लोहाच्या एका गोळीत साधारण ६०. खायला बेदाणा चांगलाच, पण गोळीची जागा तो घेत नाही. गोळीही कमतरता दिसल्यावरच घ्यावी. शरीरात दाह असला की फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, खोटेच भरलेले दिसते, म्हणून ट्रान्सफेरिनची संपृक्तताही (रक्तातून लोह वाहणारे प्रथिन किती भरले आहे ते) पाहतात. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. ती चहाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर.

खरी तूट बहुधा प्रथिनांची असते. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरी आणि पातळ आमटीवर एवढे भरत नाही. दोन अंड्यांतून १२, दोन कप दुधातून सुमारे १३, मूठभर शेंगदाण्यांतून ७, वाटीभर शिजवलेल्या कोरेगावच्या घेवड्यातून (राजम्याच्या दाण्यांतून) दहा-बारा ग्रॅम मिळतात. तोंड आले असेल, गिळवत नसेल तेव्हा पावडर कामी येते. मात्र डब्यावर साखर आणि प्रथिने दोन्ही वाचावीत, काही डब्यांत साखरच जास्त असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

अर्कांचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकन जिनसेंग या मुळीने रोज २००० मिलिग्रॅम प्रमाणात आठ आठवड्यांत काहीसा आराम पडल्याचे २०१३ च्या चाचणीत दिसले. पण जिनसेंग वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करते. कार्निटिन आणि कोएन्झाइम क्यू-१० ही गोळ्यांतली पूरकेही मोठ्या चाचण्यांत थकव्यावर निष्प्रभ ठरले. रोजच्या चालण्याचा पुरावा या सर्वांहून भक्कम आहे.

हळदीबद्दल सांगलीकरांना विशेष जिव्हाळा, आणि हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचा) वारसा पाहता तो साहजिक आहे. आमटीतली हळद निर्धोक. मिऱ्याचा अर्क घातलेली कर्क्युमिनची (हळदीतल्या मुख्य घटकाची) कॅप्सूल तशी नाही. मिऱ्यातले पिपरीन यकृतातील औषधे पचवणारी विकरे (एन्झाइम) अडवते, त्यामुळे केमोच्या काही औषधांची रक्तातील पातळी बदलू शकते, आणि अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. केमोला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात, आयुर्वेदिक चूर्णांसकट.