चढावर गाडी उचलणे

चढावर गाडी उचलणे : चढणीवर थांबलेली मॅन्युअल गिअरची गाडी मागे सरकू न देता पुन्हा पुढे काढण्याची क्रिया. 'उचलणे' हा चालकांचा शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे, कारण क्लच पकड घेतो तेव्हा गाडीचे नाक खरोखरच बोटभर वर उठते. सपाट रस्त्यावर क्लच सोडताना चूक झाली तर गाडी धक्का खाते किंवा बंद पडते. चढावर तीच चूक मागच्या गाडीच्या बंपरवर जाऊन थांबते. गोव्यात पणजीचे आल्तिन्हो, मांडवी पूल ओलांडल्यावर लागणारा पर्वरीचा चढ, कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर चढणारा रस्ता आणि फोंड्याजवळचे फर्मागुडी या ठिकाणी रोजच्या गर्दीत हे कसब लागते. चोर्ला, अनमोड आणि करमल हे घाट तर आहेतच.

दर १० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर १,००० किलोची गाडी उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बल साधारण १०० किलो वजनाइतके असते. चार माणसे आणि सामान भरले की ते १३० किलोंच्या घरात जाते. हा भार क्षणभरही कोणी पेलला नाही, तर गाडी मागे येते. थांबलेली असताना तो ब्रेक पेलतो आणि चालू लागल्यावर इंजिन. सगळी अडचण मधल्या सेकंदाची आहे, कारण पाय दोन आणि पेडल तीन. उजवा पाय ब्रेकवरून एक्सिलेटरवर जाईपर्यंत गाडी कोणीतरी धरून ठेवली पाहिजे.

ती दोन प्रकारे धरता येते. एक म्हणजे हँडब्रेकने. गाडी थांबली की हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, एक्सिलेटर हलका दाबून इंजिनाचा आवाज थोडा भरदार होऊ द्यावा आणि मग क्लच सावकाश वर आणावा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो, पेडलला बारीक थरथर जाणवते आणि बॉनेट किंचित वर येते. हाच हाफ क्लच. इंजिनाबरोबर फिरणारे चाक (फ्लायव्हील) आणि त्याच्यावर दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामधली क्लचची तबकडी इथे घासत-घासत इंजिनाचा जोर चाकांकडे देऊ लागलेली असते. डावा पाय तिथेच रोखावा, हँडब्रेकचे बटण दाबून दांडा खाली सोडावा. गाडी जागची हलत नसेल तर समजावे की भार इंजिनाने घेतला आहे. मग रेस थोडी वाढवून क्लच पूर्ण सोडावा.

दुसरा प्रकार पायब्रेकचा. ब्रेक दाबलेला असतानाच क्लच हाफवर आणायचा, आवाज बसला की उजवा पाय झटकन एक्सिलेटरवर न्यायचा. सौम्य चढावर डिझेल गाडीला हे सहज जमते, कारण तिच्या इंजिनाला कमी फेऱ्यांवरही जोर असतो. लहान पेट्रोल गाडी मात्र भरलेली असेल, तर तेवढ्या वेळात गुदमरून बंद पडू शकते. अशी बंद पडली तर आधी दोन्ही ब्रेक, मग न्यूट्रल, मग चावी. घाबरून क्लच दाबून ब्रेक सोडणे हीच त्या वेळची सर्वांत धोक्याची गोष्ट, कारण मग गाडी कोणीच धरलेली नसते.

हँडब्रेक वापरणे म्हणजे गाडी नीट येत नसल्याची कबुली, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात परवान्याच्या चाचणीसाठी जी कौशल्ये दिली आहेत, त्यांत तीव्र चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणे आहे आणि त्यासाठी हँडब्रेकचा योग्य वापर हा एक मार्ग नियमानेच सांगितला आहे. त्याला यांत्रिक कारणही आहे. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि नाक वर असताना गाडीचा भार मागच्याच चाकांवर जास्त पडतो.

याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि चढावर नेमकी तीच हलकी होतात. आल्तिन्होच्या झाडांखालच्या वळणांवर जुलैत ओला पाला साचतो, कडेच्या चिऱ्याच्या गडग्यांवरून लाल पाणी रस्त्यावर उतरते आणि कडेला शेवाळ धरते. तिथे जास्त रेस देऊन क्लच एकदम सोडला, तर पुढचे चाक जागीच फिरते आणि गाडी तिरकी होत मागे येते. पावसात रेस कमी, क्लच अधिक सावकाश आणि चाके सरळ ठेवावीत. जमल्यास शेवाळाची कड सोडून रस्त्याच्या मधल्या खरखरीत भागावर थांबावे.

पणजीच्या मळ्यातून किंवा फोंतेन्हासच्या बाजूने आल्तिन्होवर चढताना समोरून गाडी आली की थांबावेच लागते. अरुंद चढणीवर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे आणि तो सौजन्यापुरता नाही. उतरणाऱ्याला पुन्हा निघायला नुसता ब्रेक सोडावा लागतो, चढणाऱ्याला हा सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी चढावर अडकलेली दिसली, तर चालकाला ना रस्ता ओळखीचा असतो ना त्या गाडीचा क्लच, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकड घेतो.

मागच्याची जबाबदारीही या कसबाचाच भाग मानली पाहिजे. चढावर पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील आणि वर आणखी थोडा रस्ता दिसेल, इतके अंतर सोडावे. दुचाकीस्वारांना आणि पायलटांना, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांना, हे विशेष लागू आहे. ते रिकाम्या जागेत शिरून थेट बंपरमागे थांबतात, पण गाडी मागे येऊ लागली तर ओल्या उतारावर पाय टेकून दुचाकी मागे घेणे त्यांना जवळजवळ अशक्य असते. आणि हॉर्न वाजवू नये. मी गर्दीत बंद पडलेल्या जितक्या गाड्या पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच मागून हॉर्न वाजताच घाईने सोडलेल्या क्लचमुळे बंद पडल्या होत्या.

रांग मुंगीच्या पावलाने सरकत असली की पुष्कळजण ब्रेक न लावता हाफ क्लचवरच गाडी तरंगत ठेवतात. दिसायला ते सफाईदार दिसते, पण त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद तबकडी तापवण्यात जाते. थोड्याच वेळात जळका, उग्र वास येतो. तो आला की बाजूला थांबून क्लच निवू द्यावा. चोर्ल्यासारख्या घाटात जड ट्रकमागे अडकल्यास प्रत्येक हातभर जागेसाठी पुढे न सरकता एक-दोन गाड्यांएवढी मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच निघावे.

अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ मध्येच क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक धरून ठेवणारी यंत्रणा गाड्यांत दिली होती. आजच्या अनेक गाड्यांतली हिल होल्ड सुविधा ब्रेकवरून पाय काढल्यानंतरही दोन-तीन सेकंद ब्रेकचा दाब टिकवते. तेवढ्यात हाफ क्लच सापडला नाही, तर ती सुविधा गाडी सोडून देते. म्हणून ती असलेल्या गाडीतही पाय तयार असावे लागतात.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. चढावर पहिल्याच दिवशी गाडी सुरेख उचलली गेली, तर ती बहुधा त्याने उचललेली असते. शिकणाऱ्याने पहाटे रिकाम्या, कोरड्या चढावर, मागे कोणी नसताना, शिकवणाऱ्याला पाय पेडलांवरून काढायला सांगून पुन्हा एकदा करून पाहावे.